फक्त पाणी

केवडा म्हटलं की लोकांना वास आठवतो,
हरतालिकेची ती काटेरी पात.
मला आठवतो द्राक्षाच्या पानावरचा तेलकट डाग
आणि पान उलटलं की खालची पांढरी लव.
कुणी ठेवलं असेल हे नाव रोगाला?
त्याला सुगंधाचा राग असावा,
किंवा रोगाची फार माया.

माया मलाही आहे. पगारी.
चेंबूरच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
अकरा वर्षं मी एक केवडा पाळलाय.
बाकीच्या बुरश्या सोशिक.
मॉरिसकाका बटाटे उकडतात, साखर घालतात, अगर घालतात,
थाळीत ओतलं की त्या मुकाट वाढतात.
"आपल्यापेक्षा बरं जेवतात," म्हणतात काका.
ह्याचं तसं नाही. ह्याला जिवंत पान लागतं.
दर दहा दिवसांनी एक कोवळं, न फवारलेलं,
पाण्यावर तरंगणारं पान.
पाडव्याला मी आले होते ह्याच्यासाठी,
आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही.
मारायचा आहे म्हणून जगवायचा.
नवऱ्याला हे समजावताना मी दोनदा हरले.

फरोख वरच्या मजल्यावर षट्कोन काढत बसतो.
ह्या कोपऱ्याला फ्लोरीन लावून बघतो,
त्या कोपऱ्याचं क्लोरीन काढून बघतो,
आणि चिमूटभर पांढरी भुकटी खाली पाठवतो
बाटलीवर आकडा लिहून.
चारशे अकरा आकडे आले.
काही पाण्यात विरघळेनात.
काहींनी केवड्याला हात लावला नाही, पानच जाळलं.
एकशे अठ्ठ्याऐंशीने उंदरांची यकृतं सुजवली,
त्या दिवशी फरोखने डबा उघडलाच नाही.

चारशे बारावा चालला.
सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलं:
दोन दोन शेपट्यांचे बीजाणू, पोहणारे,
पानाच्या रंध्राकडे निघालेले,
वाटेतच काही विसरल्यासारखे थांबले.
मग एकेक फुटला. आवाज नाही.
मी रेगे सरांना हाक मारली.
हाक मारण्याआधी, खोटं कशाला बोलू,
थोडा वेळ नुसती बसून होते.

पुढे गच्चीवरच्या काचघरात कुंड्यांच्या चार रांगा.
तीन रांगांना औषध: कमी, मध्यम, जास्त.
चौथीच्या पाटीवर माझ्या अक्षरात: फक्त पाणी.
ती आजारी पडली नाही तर
बाकीच्या वाचल्या असं म्हणता येत नाही.
रोज सकाळी त्याच नळीने, त्याच दाबाने
मी तिच्यावर औषधासारखं पाणी फवारते.
नवव्या दिवशी डाग. बाराव्या दिवशी लव.
वहीत लिहिते: अपेक्षेप्रमाणे.

सातवं रोप तेवढं हिरवं राहिलं.
सर म्हणाले, पंख्याखाली होतं, ओल टिकली नसेल, सोडून दे.
बाकीची रांग भट्टीत गेली.
हे मी पिशवीत घालून घरी नेलं.
नियमात बसत नाही, माहीत आहे.
माहुल रोडची खिडकी, चौथा मजला,
समोर रिफायनरीची ज्योत रात्रभर,
इथून प्रयोगशाळेपर्यंत द्राक्षाचा एक वेल नाही.

पंधरा दिवसांनी दात घासताना दिसला
तेलकट डाग.
पान उलटलं.
इतक्या वर, इतक्या धुरात, हा आला कुठून?
मग कुर्त्याच्या बाहीकडे लक्ष गेलं.

फरोखला सांगितलं नाही.
संध्याकाळी रिकामा डबा विसळला, पाणी भरलं,
आणि ते पान त्यावर तरंगत ठेवलं.